परक्यांचे कायदे, आपले खटले



मार्च १९२१ मध्ये ‘विम्बल्डन’ नावाचं एक ब्रिटिश जहाज सलोनिकाहून दारूगोळा भरून डान्झिगकडे निघालं होतं. जहाज भाड्यानं घेतलं होतं एका फ्रेंच कंपनीनं आणि माल होता पोलंडसाठी. कील कालव्याच्या तोंडाशी जर्मन अधिकाऱ्यांनी ते अडवलं. पोलंड आणि रशियाचं युद्ध अजून पुरतं मिटलेलं नाही, आम्ही तटस्थ आहोत, आणि तटस्थ देश आपल्या हद्दीतून शस्त्रं जाऊ देत नाही, असं त्यांचं म्हणणं. समोरून उत्तर आलं, व्हर्सायच्या तहाचं ३८० वं कलम वाचा. जर्मनीशी ज्यांचं युद्ध नाही अशा सगळ्या राष्ट्रांच्या व्यापारी आणि लढाऊ जहाजांना कील कालवा खुला राहील, असं त्यात लिहिलं होतं. हेगच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे आलेला दोन बाजूंचा हा पहिला खटला. १७ ऑगस्ट १९२३ ला निकाल लागला. जर्मनी हरली आणि १,४०,७४९ फ्रँक ३५ सेंटिम भरायचा हुकूम झाला.

त्या निकालपत्रात न्यायालयानं सुएझ आणि पनामा या दोन कालव्यांचे करार उलगडले आहेत. तिथल्या राज्यांनी काय कबूल केलं होतं, युद्धाच्या काळात तिथून शस्त्रं गेली तेव्हा कोणी तक्रार केली का, हे पाहून कीलच्या कलमाचा अर्थ लावला आहे. म्हणजे जर्मनीचा खटला ठरला तो निम्मा इजिप्त आणि मध्य अमेरिकेतल्या कागदांवर. हे कागद ज्याच्या हाताशी आधीपासून असतील त्याला वाद घालता येणार, बाकीच्यांनी ऐनवेळी धावाधाव करायची. आज मी ज्या संस्थेविषयी बोलणार आहे तिचा जन्म या धावाधावीतून झाला.

व्हर्सायच्या तहानं जर्मनीचं सैन्य एक लाखावर आणून ठेवलं होतं. यापुढच्या लढाया कलमांच्या होणार होत्या आणि तहाला कलमं होती ४४०. नुकसानभरपाई, सरहद्दी, अल्पसंख्याकांचे हक्क, जप्त मालमत्ता, नद्या, कालवे, प्रत्येकासाठी कुठला तरी लवाद, आयोग नाहीतर न्यायालय. डिसेंबर १९२४ मध्ये बर्लिनला परदेशी सार्वजनिक कायदा आणि आंतरराष्ट्रीय कायदा यांच्या अभ्यासासाठी कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली. संचालक व्हिक्टर ब्रून्स, वय चाळीस. जागा मिळाली ती थेट बर्लिनच्या राजवाड्यात. कैसर १९१८ मध्येच हॉलंडला पळून गेला होता, दालनं रिकामी होती. राजाच्या दालनांत आता इतर देशांची राजपत्रं, कायद्यांचे संग्रह आणि निकालांचे खंड रचले जाऊ लागले.

संस्था निघाली त्याच वर्षी, १९२४ मध्ये, पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचं लॉ कॉलेज सुरू झालं. हा निव्वळ योगायोग, त्यातून कुठलाही निष्कर्ष मी काढणार नाही. एवढंच, की या कॉलेजात शिकलेले गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले आणि दोघांचीही गाठ आज आपल्याला पडणार आहे.

बर्लिनच्या संस्थेच्या नावात दोन विषय आहेत. आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे राज्याराज्यांमधला, तो आपल्या ओळखीचा. दुसरा जरा अवघड. सार्वजनिक कायदा म्हणजे राज्य आणि माणूस यांच्यातला, म्हणजे राज्यघटना, प्रशासन, निवडणुका, पोलिसांचे अधिकार. खरेदीविक्रीच्या करारांची तुलना दोन देशांत सहज होते, कारण पैसा आणि माल सगळीकडे सारखाच. राज्यघटनांचं तसं नाही. कलमाशेजारी कलम ठेवून तुलना करणारा हमखास फसतो. उदाहरण देतो. आपल्या संविधान सभेत आणीबाणीच्या कलमांवर चर्चा चालली होती तेव्हा हरि विष्णू कामत यांनी वायमारच्या जर्मन राज्यघटनेचा दाखला देऊन धोक्याची घंटा वाजवली होती. त्या घटनेचं ४८ वं कलम राष्ट्राध्यक्षाला संकटकाळात फर्मानं काढू देई. पण नुसतं ते कलम वाचलं तर धोका दिसतच नाही, कारण संसदेनं मागणी केली की फर्मान रद्द करावं लागेल अशी सोय त्याच कलमात होती. धोका होता तो पंचविसाव्या कलमात. तिथं राष्ट्राध्यक्षाला संसद विसर्जित करायचा अधिकार होता. जुलै १९३० मध्ये संसदेनं फर्मान फेटाळलं. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गनं संसदच विसर्जित केली आणि तेच फर्मान थोडं बदलून पुन्हा काढलं. दोन्ही कलमं निरुपद्रवी दिसतात, एकत्र आली की घात करतात. कुठलं कलम कुठल्या कलमाला जाऊन मिळतं, प्रत्यक्षात कोणता अधिकारी कोणाच्या सांगण्यावरून सही करतो, न्यायालय कुठे डोळेझाक करतं, हे कळल्याखेरीज तौलनिक सार्वजनिक कायदा नुसता भाषांतराचा उद्योग होऊन बसतो.

म्हणून बर्लिनच्या संस्थेनं अभ्यासकांना देश वाटून दिले. ज्याच्याकडे जो देश, त्यानं तिथली राजपत्रं, निकाल, संसदेतल्या चर्चा वाचायच्या आणि सहकाऱ्यांपुढे मांडायच्या. संस्था पुढे हायडेलबर्गला गेली, तिथं अभ्यासकांची ही बैठक आजही नेमानं भरते. १९२९ पासून संस्थेचं नियतकालिक निघू लागलं, आंतरराष्ट्रीय न्यायालयांच्या निकालांचे आणि राजनैतिक पत्रव्यवहाराचे संग्रह छापले जाऊ लागले. संस्थेच्या स्थापनेपासून तिथं काम करणाऱ्यांत मार्गरीट वुल्फ या विदुषी होत्या. जन्मानं इंग्रज, रोमन कायद्याचे पंडित योलोविच यांची बहीण. इंग्रजी कायदा त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

ब्रून्स स्वतः हेगच्या न्यायालयापुढे उभे राहत. १९३१ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियानं एकत्रित जकातीची योजना आखली तेव्हा जर्मनीची बाजू त्यांनी मांडली. न्यायालयाचं मत आठ विरुद्ध सात असं ऑस्ट्रियाच्या विरोधात गेलं. दुसरं नाव एरिख काउफमान यांचं. ते संस्थेचे सल्लागार. होजूफच्या कारखान्याचा खटला त्यांनी जर्मनीसाठी चालवला. वरच्या सायलेशियातला नायट्रेटचा हा कारखाना पोलंडनं ताब्यात घेतला होता. १९२८ च्या निकालात न्यायालयानं जे तत्त्व सांगितलं ते आजही जगभर उद्धृत होतं. बेकायदा कृत्याची भरपाई अशी हवी की ते कृत्य घडलंच नसतं तर जी स्थिती असती ती शक्य तितकी परत यावी. आज कुठल्याही आंतरराष्ट्रीय लवादात भरपाईचा प्रश्न निघाला की होजूफचं नाव निघतंच. ते तत्त्व प्रस्थापित करणाऱ्या खटल्यात जर्मनीचा वकील असलेले काउफमान जन्मानं ज्यू होते.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, पुढे काय झालं हे तुम्हाला ठाऊक आहे. मार्गरीट वुल्फ यांना संस्था सोडावी लागली, पुढे त्या इंग्लंडला परतल्या. काउफमान यांची प्राध्यापकी गेली, संस्थेच्या नियतकालिकावरून नावही गेलं. १९३९ मध्ये ते हॉलंडला पळाले. शेजारच्याच, खासगी कायद्याच्या भगिनीसंस्थेचे संस्थापक एर्न्स्ट राबेल यांना १९३७ मध्ये पद सोडावं लागलं आणि त्यांनी अमेरिका गाठली. राबेल यांचे सहकारी माक्स राइनश्टाइन तर १९३३ मध्येच अमेरिकेला गेले आणि शिकागोला प्राध्यापक झाले. हे राइनश्टाइन लक्षात ठेवा. त्यांचा आपल्या कोकणपट्टीच्या उत्तर टोकाशी संबंध येणार आहे.

राज्याच्या गरजेतून जन्मलेली आणि राजवाड्यात बसलेली संस्था होती ही. राज्यच गुन्हेगार झाल्यावर अशा संस्थेत काय होतं? माझ्या मते तिच्या शंभर वर्षांच्या इतिहासातला खरा प्रश्न हा आहे. याचं उत्तर संस्थेच्या नावानं देता येत नाही, माणसांच्या नावानंच द्यावं लागतं.

बेर्टोल्ड श्टाउफेनबर्ग १९२९ मध्ये संस्थेत आले. मधली दोनेक वर्षं हेगच्या न्यायालयाच्या कार्यालयात काढून ते परतले. विषय युद्धाचा कायदा, विशेषतः समुद्रावरचा. महायुद्ध सुरू झाल्यावर ते नौदलाच्या मुख्यालयात कायदेशीर सल्लागार झाले. त्यांच्यासोबत युद्धकायद्यावर काम करणारे हेल्मुट जेम्स फॉन मोल्टके लष्करी गुप्तवार्ता खात्याच्या आंतरराष्ट्रीय कायदा विभागात होते. १९४१ च्या सप्टेंबरात रशियन युद्धकैद्यांना कुठलाही कायदा लागू नाही अशा अर्थाचे हुकूम निघाले तेव्हा त्याविरुद्ध एक टिपण वर गेलं. सही खात्याचे प्रमुख ॲडमिरल कॅनारिस यांची, पण मसुद्यामागे मोल्टके. रशियानं जिनिव्हा करारावर सही केलेली नसली तरी युद्धकैद्यांविषयीची सर्वसाधारण तत्त्वं लागू होतातच, कारण ती अठराव्या शतकापासून रूढ आहेत, असा युक्तिवाद त्यात होता. फील्ड मार्शल कायटेलनं त्याच्या समासात लिहिलं की या शंका शिलेदारी युद्धाच्या कल्पनेतून आलेल्या आहेत, इथं एक विचारसरणी नष्ट करायची आहे, म्हणून मी या उपायांना मान्यता देतो. कायद्याच्या टिपणाला सत्तेनं दिलेलं इतकं उघडंनागडं उत्तर माझ्या वाचनात दुसरं नाही.

त्या टिपणातलं तंत्र पाहा. तह नसेल तर रूढी, रूढी दाखवायची तर अनेक राज्यांचा दोन शतकांचा व्यवहार समोर ठेवायचा. अशा युक्तिवादाची सामग्री ब्रून्स यांच्या संस्थेसारख्या ठिकाणीच जमा होते. सरकारला खटले जिंकून द्यायला साठवलेलं ज्ञान सरकारलाच ‘हे करता येणार नाही’ असं सांगायला वापरलं गेलं. उपयोग झाला नाही. २० जुलै १९४४ ला बेर्टोल्डचे धाकटे भाऊ क्लाउस यांनी हिटलरजवळ बाँब ठेवला. कटात बेर्टोल्ड सामील होते, १० ऑगस्टला त्यांना फाशी झाली. मोल्टके यांना २३ जानेवारी १९४५ ला.

पण याच संस्थेत कार्ल बिलफिंगरही होते. नाझी पक्षाचे सदस्य, राजवटीच्या बाजूनं लेखणी चालवणारे. ब्रून्स १९४३ मध्ये वारले, त्यांच्या जागी तेच संचालक झाले. ३ फेब्रुवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात राजवाडा जळाला. संस्था नेकार नदीकाठच्या हायडेलबर्गला नव्यानं उभी राहिली, आता माक्स प्लांक यांच्या नावानं. १९४९ मध्ये तिचे पहिले संचालक कोण? सत्तरीतले बिलफिंगर. ज्यांनी जीव दिला त्यांच्या स्मरणाचे समारंभ पुढे झाले, पण खुर्ची मिळाली ती टिकून राहिलेल्याला. संस्थांचे इतिहास लिहिताना हे पान पटकन उलटलं जातं, म्हणून मी जरा थांबलो.

युद्धानंतरचा काळ तसा सुरळीत, तो मी भरभर सांगतो. १९५४ मध्ये हेर्मान मोस्लर संचालक झाले. बर्लिनच्या काळातले ते संस्थेचे अभ्यासक. पुढे स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात आणि १९७६ ते १९८५ हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ते न्यायाधीश होते. रूडोल्फ बेर्नहार्ट स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाचे अध्यक्ष झाले, रुडिगर वोल्फ्रुम हांबुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणाचे. आंतरराष्ट्रीय कायद्याचा विश्वकोश बेर्नहार्ट यांनी सुरू केला आणि वोल्फ्रुम यांनी नव्यानं रचला. कायद्याच्या विद्यार्थ्याला हायडेलबर्गची ओळख होते ती बहुधा त्या कोशातून. सध्या आर्मिन फॉन बोग्डांडी आणि आने पेटर्स संचालक आहेत. ग्रंथालयात सहा लाखांहून अधिक खंड आहेत आणि त्यासाठी जगभरातून अभ्यासक येतात. राजधानी बॉन होती तेव्हा आणि बर्लिन झाली तेव्हाही संस्था हायडेलबर्गलाच राहिली. परराष्ट्र खात्याचा सल्लागार होता येतं, पण रोज दुपारी त्याच्या दालनात चहाला जाता येत नाही, एवढं अंतर. हे अंतर मला फार मोलाचं वाटतं.

हायडेलबर्ग हे नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणानं परिचित आहे. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा आणि धनगरांचा अभ्यास करणारे गुंथर सोन्थायमर तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत होते. एकत्र हिंदू कुटुंबाच्या कायद्यावर ग्रंथ लिहिणारा हा माणूस जेजुरीच्या वाटेला कसा लागला हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. त्याच संस्थेत कायदा विभाग पाहणारे डीटर कॉनराड होते. माक्स प्लांक संस्था वेगळी, ही विद्यापीठाची संस्था वेगळी. हे मुद्दाम सांगतो, कारण हायडेलबर्ग म्हटलं की सगळं एकाच खात्यावर जमा करायची सवय असते.

फेब्रुवारी १९६५ मध्ये कॉनराड यांनी बनारस हिंदू विद्यापीठात एक व्याख्यान दिलं. प्रश्न असा, की घटनादुरुस्तीच्या अधिकाराला काही न लिहिलेल्या मर्यादा आहेत का? भारतीय न्यायालयांपुढे अजून टोकाची दुरुस्ती आलेली नाही, पण कायद्याच्या पंडितानं टोकाची कल्पना करून पाहायला हवी, असं म्हणून त्यांनी एकेक प्रश्न टाकले. दोन तृतीयांश बहुमतानं एकविसावं कलम काढून टाकता येईल का? बहुमत घटू लागलेला पक्ष दुरुस्तीचा अधिकारच राष्ट्रपतींकडे, म्हणजे पंतप्रधानांच्या सल्ल्याकडे, सोपवू शकेल का? मोगल बादशाही परत आणता येईल का? कॉनराड जर्मन होते, त्यांना हे प्रश्न कल्पनेतून सुचलेले नव्हते. मार्च १९३३ मध्ये बर्लिनच्या क्रोल नाट्यगृहात भरलेल्या संसदेनं दोन तृतीयांश बहुमतानं कायदे करायचा अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकला होता. कम्युनिस्ट सदस्यांना आत येऊच दिलं नव्हतं, दारांत वर्दीतले स्वयंसेवक उभे होते, पण कागदावर घटनेची अट पुरी झाली होती. म्हणून १९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्यात ७९ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमानं काही तत्त्वं दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवली.

पुढची हकीकत वकील मंडळींना पाठ आहे. एम. के. नंबियार यांनी कॉनराड यांचा मुद्दा १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात नेला. केशवानंद भारती खटल्यात नानी पालखीवाला यांनी कॉनराड यांच्या लेखनाचा आधार घेतला, समोर केरळ राज्याच्या बाजूनं सीरवाई. दोघेही मुंबईचे, दोघेही पारशी, आणि वाद जर्मन प्राध्यापकाच्या तर्कावर! घटनादुरुस्तीनं घटनेची मूलभूत चौकट बदलता येणार नाही, असा निकाल २४ एप्रिल १९७३ ला तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा मतांनी दिला. ज्यांच्या मतानं पारडं झुकलं त्या न्यायमूर्ती खन्ना यांनी कॉनराड यांचा उल्लेख निकालपत्रात केला. यशवंतराव चंद्रचूड अल्पमतात होते.

यावरून मूलभूत चौकटीचा सिद्धान्त जर्मनीतून आयात झाला असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. एक तर जर्मनीत मर्यादा लिहिलेली होती, आपल्याकडे नव्हती. कॉनराड यांचं सगळं म्हणणं न लिहिलेल्या मर्यादेविषयी होतं. दुसरं, कॉनराड बनारसला बोलण्याआधीच, ऑक्टोबर १९६४ मध्ये, सज्जन सिंग खटल्यात एका न्यायमूर्तींनी हाच प्रश्न उपस्थित केला होता. ते जनार्दन रघुनाथ मुधोळकर. अमरावतीच्या रघुनाथराव मुधोळकरांचे, म्हणजे १९१२ च्या काँग्रेस अध्यक्षांचे, चिरंजीव. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा निकाल लिहिला, आव्हान दिलेली घटनादुरुस्ती वैध ठरली. मुधोळकरांनीही दुरुस्ती रद्द केली नाही, पण वेगळं मत लिहून विचारलं की घटनेचं मूलभूत वैशिष्ट्य बदलणं ही दुरुस्ती आहे की घटनेचा एक भाग नव्यानं लिहिणं? दाखला कोणता दिला? पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाचा, १९६३ चा. फजलुल कादर चौधरी खटल्यात राष्ट्राध्यक्ष अयूब खान यांचा एक हुकूम त्या न्यायालयानं रद्द केला होता, कारण अडचणी दूर करण्याच्या नावाखाली त्यानं घटनेचं मूलभूत वैशिष्ट्यच बदललं होतं. विदर्भातले न्यायमूर्ती, पाकिस्तानातला दाखला, आणि मधे एक युद्ध होऊन गेलेलं, दुसरं तोंडावर आलेलं. तौलनिक कायद्याचं याहून चांगलं उदाहरण मी वर्गात देऊ शकलेलो नाही. मुधोळकरांना परराष्ट्र खात्यानं पाठवलं नव्हतं आणि कॉनराड यांनाही कुठल्या सरकारनं बोलावलं नव्हतं.

आता राइनश्टाइन. जुलै आणि ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाली. त्या मोहिमेत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, हे आपण अभिमानानं सांगतो. त्यानंतर जे झालं ते मात्र फारसं सांगत नाही. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला, १९ तारखेला त्यानं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेला भारतावर दावा ठोकला. दमणहून या प्रदेशात जायला भारतीय भूमीवरून वाट मिळावी, हा आमचा हक्क आहे, भारत तो अडवतो आहे, असं त्याचं म्हणणं. भारताची बाजू ॲटर्नी जनरल सेटलवाड यांच्या नेतृत्वाखाली लढवली गेली. भारतानं नेमलेले न्यायाधीश मुंबईचे एम. सी. छागला.

पोर्तुगालच्या युक्तिवादाचा एक भाग असा होता की दुसऱ्याच्या जमिनीनं वेढलेल्या जमीनमालकाला वाट मिळते, हे सर्व सुसंस्कृत कायद्यांचं तत्त्व आहे. ते सिद्ध करायला त्यांनी देशोदेशींच्या कायद्यांचा तौलनिक अभ्यास न्यायालयापुढे ठेवला. तो लिहिला होता शिकागोच्या राइनश्टाइन यांनी. बर्लिनमध्ये कमावलेली विद्या, हिटलरमुळे अमेरिकेत गेलेली, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या वसाहतीसाठी कामाला आली. विद्येला स्वतःची बाजू नसते, असं म्हणून हात झटकता येतील, पण मला तितकं सोपं वाटत नाही. शेतातली पायवाट आणि वसाहतीकडे सैन्य नेण्याची वाट यांत साम्य किती धरायचं हे अभ्यासकालाच ठरवावं लागतं. न्यायालयानं त्या वाटेला जायचंच टाळलं. दोन देशांमधला दीर्घकाळचा व्यवहार पुरेसा आहे, सर्वसाधारण तत्त्वांची चर्चा करायची गरज नाही, असं ते म्हणालं.

पोर्तुगालचा दुसरा आधार थेट पुण्याचा होता. १७७९ चा पेशव्यांशी झालेला तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा. या कागदांनी मराठ्यांनी आम्हाला गावांचं सार्वभौमत्व दिलं, असा दावा. भारताचं उत्तर, दिला तो बारा हजार रुपये उत्पन्नाचा सरंजाम, राज्य नव्हे. न्यायालयानं मराठ्यांचे इतर तह पाहिले. जिथं मुलूख कायमचा तोडून द्यायचा होता तिथं तशी स्पष्ट भाषा आढळते, या तहात ती नाही. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयानं म्हटलं, हा जहागीर किंवा सरंजाम होता, सार्वभौमत्व दिलेलं नव्हतं. तरीही हा प्रदेश इंग्रजांनी पोर्तुगीज मानून चालवला म्हणून पोर्तुगालचा तिथला अधिकार मान्य झाला. नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी वाटेचा हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी ठरला. सैन्य, पोलीस आणि शस्त्रांसाठी तो आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला गेला. आणि १९५४ मध्ये भारतानं वाट बंद केली त्यात काही चुकीचं केलं नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. आठ विरुद्ध सात, म्हणजे एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर पोर्तुगीज शिपायांना वापीहून सिल्वासाला जायचा हक्क मिळाला असता.

हेगचे पंधरा न्यायाधीश नाना फडणविसांच्या काळातल्या सरंजामावर वाद घालत बसले होते, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीची आणि कायद्याच्या पुस्तकांतही एका ओळीचीच. इतिहासवाले म्हणतात तो कायद्याचा विषय, कायदेवाले म्हणतात तो मोडीचा. हायडेलबर्गसारखी इमारत आणि सहा लाख पुस्तकं मी मागत नाही, तेवढा पैसा कोणी देणार नाही हे मला ठाऊक आहे. पण मराठा राज्यानं पोर्तुगीज, इंग्रज, निजाम आणि म्हैसूर यांच्याशी केलेल्या तहांची कायद्याच्या अंगानं संपादित आवृत्ती पुण्यात व्हायला काही हरकत नसावी. दोन्ही बाजूंच्या भाषांतले पाठ समोरासमोर, कुठे काय दिलं आणि कुठे नुसतं उत्पन्न तोडून दिलं याच्या टिपांसह. पेशवे दफ्तर पुण्यात आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात आहे, शंभर वर्षांचं लॉ कॉलेज पुण्यात आहे. मोडी वाचणारे दोन आणि आंतरराष्ट्रीय कायदा जाणणारे दोन असे चार तरुण पाच वर्षं एका खोलीत बसवायला हवेत. खर्चाचा अंदाज मी संयोजकांकडे दिला आहे. या सभागृहात विश्वस्त म्हणून बसलेले काही जण मला दिसत आहेत, व्याख्यानानंतर मी दाराशी थांबणार आहे.